नुसती साखर सोडून भागत नाही

जागतिक मधुमेह दिनाच्या (१४ नोव्हेंबर) पुरवणीतील लेखात नव्या रुग्णांना ‘गोड बंद करा’ एवढाच सल्ला आहे. तो अपुरा वाटला. मला मार्चमध्ये टाइप २ मधुमेह निघाला. चहातली साखर त्याच दिवशी सुटली. पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी बोट टोचून पाहिले, तर ग्लुकोमीटरवर आकडा २३८! ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी खाल्ली त्या दिवशी १५२. एचबीए१सी ही रक्तचाचणी साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कोणत्या ताटाने साखर चढली, हे घरची तपासणीच दाखवते. ती कधी करायची, हे डॉक्टरांनी निदानाच्या वेळीच लिहून द्यावे. ग्लुकोमीटरला लागणाऱ्या पट्ट्या महाग पडतात. पहिले काही आठवडे तरी त्या सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळाव्यात.

— एक वाचक, सातारा