बंडूस पत्र: हळद, शिसं आणि तुझ्या पोरीची रक्ततपासणी

सांगली

प्रिय बंडू,

हळदीत शिसं असतं असं बोंबलून सांगणाऱ्या माणसाचा तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. वहिनींनी हळदीची बरणी कट्ट्यावरनं उचलून गॅलरीत नेऊन ठेवली हे तुझ्या मेसेजात वाचून आधी हसलो, पण तो माणूस कितीही बोंबलत असला तरी त्यातली मूळ गोष्ट खोटी नाहीये, म्हणून म्हटलं दोन वाक्यांत उडवून लावण्यापेक्षा नीट लिहावं. तू फोन केलास तेव्हा यार्डात सौदे चालू होते, हमालांचा गलका, त्यात तू मोठ्यानं विचारतोयस "सांगलीच्या हळदीत शिसं असतंय काय रे", शेजारच्या अडत्यानं ऐकलं असतं तर मला तिथनंच घरी पाठवलं असतं. आता दुकान बंद आहे, पोरं झोपलीत, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

गोष्ट बांगलादेशातली आहे. तिकडं खेड्यापाड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं बरंच सापडत होतं आणि येतंय कुठनं ते कळेना, कारण पेट्रोलमधलं शिसं कधीच बंद झालेलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधक जेना फोरसिथ आणि ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेतले लोक मागं लागले. संशयित बरेच होते, शेतात मारायची औषधं, डब्यांच्या सांध्याला लावलेला डाग, माती, हळद, सगळ्याचे नमुने घेतले. आता एखाद्याच्या रक्तात शिसं आहे हे सांगणं सोपं, पण ते कुठल्या वस्तूतनं आलं हे सांगायला भूगर्भशास्त्र लागतं, आणि मला खरी मजा इथं वाटली. शिसं चार वजनांचं असतं, 204, 206, 207 आणि 208. त्यातलं 204 पहिल्यापासनं आहे तेवढंच, बाकीच्या तिघांत युरेनियम आणि थोरियम फुटत फुटत भर पडत राहते. त्यामुळं खाण किती जुन्या खडकात आहे आणि तिथं युरेनियम किती होतं त्यावर या चौघांचं प्रमाण ठरतं, आणि ते शिसं वितळवा, रंगात घाला, माणसाच्या पोटात जाऊ दे, प्रमाण तेच राहतं. थोडक्यात शिशाचा सातबारा त्याच्या आतच लिहिलेला असतो. त्या बायकांच्या रक्तातल्या शिशाचा उतारा काढला तर तो जुळला हळदीतल्या पिवळ्या रंगाशी. हे 2019 साली छापून आलं.

तो रंग म्हणजे लेड क्रोमेट, शिशापासनं केलेला पिवळा रंग. तिकडं त्याला पिउरी म्हणतात. 1980 च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, काळपट पडली, विकली जाईना, तेव्हा पॉलिशच्या वेळी हा रंग चोळायची युक्ती कुणीतरी काढली आणि पूर ओसरला तरी सवय राहिली, कारण गिऱ्हाइकाला तोवर तसाच पिवळाजर्द माल बघायची सवय लागलेली. हे वाचताना मला 2005 आठवलं बघ. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं, लोकांची वर्षाची कमाई जमिनीखाली सडली होती. भिजलेली हळद हातात घेऊन बसलेला माणूस काय काय विचार करतो ते मी जवळनं बघितलंय, त्यामुळं तिकडचे व्यापारी त्या वळणाला कसे लागले असतील ते कळतं मला. पण माफ करवत नाही, कारण पुढचं ऐक.

पुढचं म्हणजे आधीचं खरं तर, 1950 च्या दशकात जायला लागेल. क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकन माणूस पृथ्वीचं वय काढायच्या मागं लागलेला. हिशोब हाच, शिशाच्या चार प्रकारांचा. पृथ्वी जन्मली तेव्हाचं मूळ शिसं कसं होतं ते कळलं आणि आजचं कसं आहे ते माहीत असलं की मधे किती काळ गेला ते काढता येतं, आणि ते मूळ शिसं त्याला मिळालं ॲरिझोनात पडलेल्या लोखंडी उल्केत, कारण तिच्यात युरेनियम जवळजवळ नाहीच, म्हणजे भर पडायला वाव नाही. 1956 मधे त्यानं उत्तर छापलं, 455 कोटी वर्षं. आजही आकडा साधारण तोच आहे. भारी ना? पण त्याला सगळ्यात जास्त छळलं कशानं, तर नमुन्यात शिसं सारखं बाहेरनं शिरत होतं! टेबलावर शिसं, नळाच्या पाण्यात शिसं, स्वतःच्या केसात आणि कपड्यात शिसं. बिचाऱ्यानं ॲसिडनं भांडी धुऊन धुऊन, हवा गाळून, प्लास्टिक गुंडाळून एवढी स्वच्छ लॅब उभी केली की तशी तोवर कुणी केली नव्हती. आणि वय काढून झाल्यावर तो दुसऱ्या प्रश्नाला चिकटला, की एवढं शिसं हवेत आलंच कुठनं.

मग तो समुद्रावर गेला. वरच्या पाण्यात शिसं खोल पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त निघालं, म्हणजे माल नुकताच वरनं पडलेला. मग ग्रीनलँडचा बर्फ, थरावर थर, जुन्या थरात जवळजवळ नाहीच आणि अलीकडच्या थरात दोनशेपट, 1940 नंतर तर उभी चढण. कारण होतं पेट्रोल. इंजिनानं ठोकू नये म्हणून 1920 च्या दशकापासनं पेट्रोलमधे टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं रसायन घालायचे. ही युक्ती शोधणाऱ्या थॉमस मिजलीनं 1924 मधे पत्रकारांसमोर त्याच रसायनानं हात धुऊन दाखवले होते, काही होत नाही म्हणून, आणि त्याला स्वतःला त्याआधीच शिशाची बाधा होऊन गेलेली! त्याच साली न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पुढं कित्येक वर्षं कंपन्यांच्या बाजूचे डॉक्टर म्हणत राहिले की माणसाच्या अंगात थोडं शिसं असायचंच, ते नैसर्गिक आहे. पॅटरसन म्हणाला, सगळ्यांच्या अंगात आहे म्हणून ते नैसर्गिक कसं? दगड मोजणारा माणूस डॉक्टरांना शिकवायला आला म्हणून लोक चिडले, तेल कंपन्यांकडनं येणारा पैसा बंद झाला, 1971 मधे हवेतल्या शिशावर सरकारी समिती बसली तर त्याला घेतलंच नाही. मला हा माणूस लई आवडतो. अमेरिकेत 1976 ते 1980 मधे पेट्रोलमधलं शिसं उतरत गेलं तसं लोकांच्या रक्तातलं 37 टक्के उतरलं, म्हणजे तो बरोबरच होता. आपल्याकडं 2000 साली बंद झालं, जगातल्या शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, 2021 मधे. म्हणजे आपण दोघं कॉलेजला एसटी स्टँडबाहेर रिक्षा-स्कूटरींचा धूर खात उभे राहायचो ना, त्यातला बराच काळ शिसंच खाल्लंय. तुझा मॅथ्स त्यामुळंच राहिला म्हणू नकोस.

आता पोरांचं. मेंदूला शिसं म्हणजे कॅल्शियमच वाटतं, म्हणून ते आत घेतलं जातं, आणि पेशी एकमेकींशी बोलतात तिथं जाऊन घोळ घालतं. हाडातही कॅल्शियमच्या जागी जाऊन वर्षानुवर्षं बसतं, आणि गरोदरपणात आईची हाडं झिजायला लागली की तिथनं सुटून बाळाकडं जातं. हे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे बाईनं लहानपणी खाल्लेलं विष तिच्या पोरात. हर्बर्ट नीडलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बॉस्टनजवळच्या पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, दातातलं शिसं मोजलं, आणि कुणात किती आहे ते न सांगता मास्तरांना विचारलं की हा पोरगा वर्गात कसा आहे. जितकं शिसं जास्त तितकं लक्ष लागत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, अर्धवट सोडून देतो असे शेरे वाढत गेले, आणि बुद्ध्यंकात तीनचार गुणांचा फरक. 1979 ची गोष्ट. ही पोरं आजारी नव्हती बरं का, दिसायला ठणठणीत. त्याच्यावर पुढं फसवणुकीचे आरोप झाले, चौकश्या झाल्या, सुटला.

तू म्हणशील गरीब घरातल्या पोरांत शिसंही जास्त आणि शाळाही वाईट, मग दोष कुणाचा. बरोबर शंका आहे, मलाही आली होती. त्यावर न्यूझीलंडच्या ड्युनेडिनचा अभ्यास मला सगळ्यात पटला, कारण तिथं 1972-73 मधे जन्मलेल्या पोरांना शिसं मिळालं ते पेट्रोलच्या धुरातनं, श्रीमंत गरीब सगळ्यांना सारखंच. अकराव्या वर्षी रक्त घेतलं, अडतिसाव्या वर्षी बुद्धी मोजली. डेसीलिटरभर रक्तात दर 5 मायक्रोग्रॅम शिशामागं बुद्ध्यंक साधारण दीड गुणानं कमी, आणि आईबापापेक्षा कामधंद्यात खाली घसरलेलेही जास्त. त्याच लोकांत पुढं चिडचिड, बेफिकिरी असलंही थोडंथोडं जास्त दिसलं. शिशामुळंच गुन्हे वाढले असंही कुणीकुणी म्हणतात, पण ते मला ताणल्यासारखं वाटतं, पुरावा तेवढा घट्ट नाही.

दीड गुण म्हणजे काय मोठंसं, असं एका पोराबद्दल म्हणता येईल. पण युनिसेफनं 2020 मधे सांगितलं की जगात तीनातल्या एका पोराच्या रक्तात हा आकडा 5 किंवा त्याहून जास्त आहे, साधारण 80 कोटी पोरं, त्यातली 27 कोटींहून जास्त भारतात. आणि औषध? आहे, पण उपयोग किती ते बघ. अमेरिकेत 780 पोरांवर प्रयोग झाला, निम्म्यांना सक्सिमर हे अंगातलं शिसं बाहेर काढायचं औषध दिलं, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. रक्तातलं शिसं उतरलं, डोक्यात फरक शून्य. 2001 चा निकाल आहे. म्हणजे एकदा गेलेलं परत येत नाही, आत जाऊ न देणं एवढंच हातात.

आणि बांगलादेशात ते त्यांनी करून दाखवलं राव, आणि कसलाही मोठा खर्च न करता. 2019 मधे ढाक्याच्या ठोक बाजारात तिथल्या अन्नसुरक्षा खात्याचे लोक हातातलं एक्सरे मशीन घेऊन शिरले, हळकुंडावर धरलं की शिसं आहे का नाही ते तिथल्या तिथं कळतं, दोघा व्यापाऱ्यांना दंड केला, त्याची टीव्हीवर बातमी, बाजारभर नोटिसा. तेव्हा 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मधे शून्य. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलंही उतरलं.

आता तुझा खरा प्रश्न. मी हळदीचा माणूस, माझ्याकडनं उत्तर ऐकून तू विश्वास ठेवावास असंही नाही. त्याच फोरसिथ आणि इतरांनी पुढं भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या 23 शहरांतली हळद तपासली, 14 टक्के नमुन्यांत शिसं निघालं, सगळ्यात वाईट पाटणा, कराची आणि पेशावर. आपल्याकडं कायद्यानं मर्यादा आहे ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅम, तिथं हजाराच्या वर गेलं. सांगलीत येणारा माल बहुतेक राजापुरी आणि सेलम, तो शेतकरी शिजवून वाळवून आणतो, ड्रममधे नुसतं घासून पॉलिश होतो, आणि जाणता व्यापारी हळकुंड मोडून आत बघतो, वरच्या चकाकीवर भाव देत नाही. पण किरकोळीत जे विकतं त्याचा रंग कोण कुठं चढवतो ते मला इथं बसून कसं कळणार. छातीठोक सांगणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की असलं मशीन प्रत्येक मोठ्या बाजार समितीत असायला पाहिजे, आणि हे मी यार्डात बोललो तर दोघंतिघं म्हणाले कशाला उगाच लोकांच्या डोक्यात घालतोस.

पण बंडू, हळद सोड, मला काळजी तुझ्या दुकानाची वाटते. तुम्ही विट्याकडची गलाईवाली, सोनंचांदी गाळणारी माणसं, चांदी शुद्ध करायला शिसं वापरायची पद्धत तर फार जुनी आहे, तुमच्यात आता काय वापरता ते तुलाच माहीत. वापरत असशील तर भट्टीची धूळ कपड्यांवर घरी येते आणि तू आल्या आल्या पोरीला उचलून घेतोस, मी बघितलंय. दुकानात वेगळे कपडे ठेव, अंघोळ करून मग तिला घे, डबा भट्टीजवळ खाऊ नकोस. तुझी आणि तिची दोघांची ब्लड लेड, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी करून घे, शिरेतनं रक्त द्या, बोट टोचून नको, कातडीवरचं शिसं मिसळलं तर आकडा उगाच फुगतो. तिचं हिमोग्लोबिनही बघ, अंगात लोह कमी असलं की पोरं शिसं जास्त ओढून घेतात. आणि काकूंना सांग, मारुतीला लावायचा शेंदूर पोरीच्या हाताला लागू देऊ नका, खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म असतं.

तिकडं तमिळनाडूत इरोडला राहून, हळदीच्या एवढ्या मोठ्या बाजारात, सांगलीची हळद मागवणारा तू एकटाच असशील. ती बरणी आता परत आत आणू नका, तुम्ही तिकडंच सुट्टी पावडर घेतलेली ना. मी वळखीच्या शेतकऱ्याकडची पॉलिश न केलेली हळकुंडं आणि सोबत भडंगाचा पुडा पाठवतोय, पुढच्या आठवड्यात तुमच्या गावच्या कुणीतरी तिकडं जाणाऱ्याच्या हाती. हळकुंडं दिसायला मातकट आहेत, वहिनींना आधी सांगून ठेव नायतर ती पण गॅलरीत जातील. रिपोर्ट आला की फोटो टाक, आकड्यापुढं युनिट दिसेल असा काढ. मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर असेल आणि साडेतीनच्या वर असेल तर लगेच फोन कर, रात्री कितीही वाजू दे.

तुझाच,
दिप्या