अण्णा, कॉफी मिळाली

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

नेहमीच्या मळ्याने किरकोळ विक्री बंद केल्यावर त्या मळ्याच्या तोडीची सेंद्रिय कॉफी शोधायला तुम्ही आम्हाला जी मदत केलीत, तिच्याबद्दल टिळकवाडीच्या अकरा घरांकडून मनापासून आभार. पत्र सर्वांसमोर लिहितोय, कारण तुमचं सांगणं खानापूर-निपाणीकडच्या कॉफीवाल्या घरांनाही उपयोगी पडेल.

आम्ही पाकिटावरचे शिक्के ताडून बघत होतो. चिकमगळूरच्या क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे वाळलेली कॉफी सोलून साफ करणाऱ्या कारखान्यात, बियांची प्रतवारी करण्यात हयात घालवलेले तुम्ही म्हणालात, "आधी मळेवाल्याला खोडकिड्याचं विचारा." हा एक प्रश्न फार कामाचा निघाला. पांढरा खोडकिडा म्हणजे अरेबिका जातीच्या कॉफीचा काळ. त्याचा भुंगा उन्हात उघड्या पडलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो. म्हणून औषध न मारता अरेबिका पिकवणाऱ्याला सावली राखावीच लागते, खोडाची सैल साल घासून काढावी लागते आणि किडलेली झाडं भुंगे उडायच्या आधी उपटून जाळावी लागतात. ज्याने हे केलंय तो फोनवर न अडखळता सांगतो. बाकीचे "आमचं सगळं नैसर्गिक" एवढंच म्हणतात. सावली कशाची, हेही विचारायचं. फणस, उंबर, पांगारा अशी मिसळ असेल तर पाखरं टिकतात, पाल्याचं खत होतं. नुसत्या सिल्व्हर ओकच्या रांगांना तेवढी सर नाही.

कागदाचं महत्त्व कमी नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र कुणाच्या नावावर, किती क्षेत्राचं, मुदत कधीपर्यंत, हे बघायचं, आणि त्या खेपेच्या व्यवहाराचं वेगळं प्रमाणपत्र मागायचं. फसगत इथेच होते: मळ्याचा कागद खरा असतो, पाकिटातला माल दुसरीकडचा.

तोडणीच्या मजुरीचा हिशेब तर तुम्ही बोटांवर मांडून दाखवलात. एक किलो भाजलेल्या कॉफीला सव्वा किलोच्या आसपास कच्ची बी, म्हणजे साधारण सात किलो पिकलेली फळं. हाताने वेचलेली सात किलो फळं धरली की फार स्वस्त पाकिटात कुणाचा घाम बुडाला ते कळतं. मजुरी नुसती किलोवर असेल तर वजन भरायला कच्ची फळंही ओरबाडली जातात आणि कॉफीला तुरटपणा येतो. पिकलेल्या फळांना जादा दर देणारा मळा म्हणूनच निवडला.

नमुना कसा बघायचा, तेही तुमच्याचकडून शिकलो. शंभर ग्रॅम कच्ची बी स्टीलच्या ताटात, खिडकीच्या उजेडात पसरायची. धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून धुऊन वाळवलेली, ताजी अरेबिका निळसर हिरवी दिसते. पिवळट पडली असेल तर जुनी किंवा ओल धरलेली. काळ्या, भोकं पडलेल्या, फुटक्या बिया वेगळ्या काढायच्या. मग मूठभर नाकाशी धरायची. पोत्याचा वास आला की नमुना बाद.

चवीसाठी सत्तर भाग प्लँटेशन ए (धुतलेल्या अरेबिकाची मोठ्या बियांची प्रत) आणि तीस भाग धुतलेली रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात) हे प्रमाण बरोबर जुळलं. पहिल्या खेपेला कॉफी पाणचट झाली, पण दोष बीचा नव्हता, दळण जाड पडलं होतं. उलट फार बारीक दळली तर फिल्टर तुंबतो. आता वीस ग्रॅम पुडीला सव्वाशे मिली पाणी, उकळी मोडल्यावर मिनिटभराने ओततो आणि वीस मिनिटं झाकून ठेवतो. भाजल्यावर तीन-चार दिवस थांबायचं, नाहीतर पूड फसफसून फुगते आणि डिकॉक्शन नीट उतरत नाही.

बाजारच्या पुडीत चिकोरी आहे का, ते ओळखायची युक्ती शेजारीपाजारीही करू लागलेत. थंड पाण्याच्या पेल्यावर चिमूटभर पूड टाकायची. कॉफी तरंगते, चिकोरी तपकिरी रेघ सोडत लगेच तळाला जाते. चिकोरी घालणं बेकायदा नाही, पण पाकिटावर टक्केवारी हवी आणि कॉफी निदान 51 टक्के.

आपल्याकडच्या पावसाचा तुमचा इशाराही पाळणार आहोत. आषाढ-श्रावणात पूड आणायची नाही. अख्खी बी, पाव किलोचीच पाकिटं, लागेल तशी दळायची.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, त्यामुळे नवा माल मार्च-एप्रिलला हाती येईल. कोणत्या हंगामाची बी, ते पावतीवर लिहून घेतलंय. पहिल्या खेपेतला अर्धा किलो तुमच्या नावाने बाजूला काढू, चिकोरीविना, जाडसर दळून, तुमच्या जुन्या पितळी फिल्टरला चालेल असा. शहापूरला घरी आणून देऊ.

आपली,
टिळकवाडीतली कॉफीवाली मंडळी, बेळगाव