तेरा भाग

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र अशासाठी, की फोनवर मी ओरडते, मग बाबा चिडतात, मग आई म्हणते "जाऊ दे गं", आणि आपण पोह्यांवर बोलून फोन ठेवतो.

तर ठरलंय ते सांगून टाकते. गुरुवारी सकाळी 11 वाजता स्पॉक गाडी घेऊन येईल. बाबांनी त्याच्याबरोबर कानाचा साचा द्यायला जायचं. ऐकायच्या मशीनचे पैसे मी भरलेत. विचारायला हवं होतं, कळतं मला. पण दिवाळीत तपासणी झाल्यावर तुम्ही "बघू" म्हणालात, आणि तो रिपोर्ट आजही आईच्या साड्यांखाली आहे.

बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही असं मी म्हणतच नाहीये. वयानं आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणून स, फ, थ गळतात आणि समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. सानंद संस्थेचं नाटक मध्यंतरात सोडून आलात, त्यात नटांची काही चूक नव्हती. (आईनंच सांगितलं. आई, सॉरी.) राजेंद्र नगरच्या वळणावरच्या त्या ई-रिक्षाचा विषय मी काढत नाही. आणि आजोबा शेवटी शेवटी खोलीतून बाहेर का येईनासे झाले, हे तुम्हीच मला सांगितलंय.

मी स्वतः यायला हवं होतं. रजा मिळत नाही असं दादाला सांगितलंय, पण खरं म्हणजे मिळाली असती. मी समोर असले की तुम्ही नाही म्हणता. स्पॉकला तुम्ही कधीच नाही म्हटलेलं नाही.

शिवाय त्याचं बारसं तुम्हीच केलंय! रविवारची सकाळ, दूरदर्शनवर स्टार ट्रेक, पडद्यावर टोकदार कानांचा स्पॉक, पुढ्यात पोहे-जिलबी, आणि सतरंजीवर बसलेल्या त्या पोराकडे बघून तुम्ही ओरडलात, "अरे, हा तर इथेच बसलाय!" वर निमुळते झालेले कान, कपाळावर सरळ कापलेले केस, आणि माझं गणित चुकलं की वर जाणारी ती एकच भुवई. आई केवढी रागावली होती, लेकराच्या कानांना नावं ठेवता म्हणून. लेकरू मात्र खूश. आठवडाभरात त्याला स्पॉकचा तो बोटांचा नमस्कारही जमला, दोन-दोन बोटं जुळवून मधे फट. मी रबरबँड लावून झोपायचे. मला अजूनही जमत नाही. आता त्याचे केस गेलेत, त्यामुळे कान आणखीच उठून दिसतात.

परवा फोनवर तो म्हणाला, काकांना खऱ्या स्पॉकच्या कानांची गोष्ट सांग. 1966 मध्ये मालिका सुरू होणार होती, तेव्हा स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयला ते रबरी कान मुळीच नको होते. लोक हसतील याची धास्ती. चॅनलवाल्यांनाही तो सैतानासारखा दिसेल असं वाटलं, म्हणून जाहिरातीच्या पुस्तिकेत त्याच्या कानांची टोकं आणि भुवया चक्क पुसून छापल्या. तेव्हा निर्माते जीन रॉडनबेरी त्याला म्हणाले, तेरा भाग करून बघ, तरी नकोच वाटलं तर कथेतच तुझ्या कानांचं ऑपरेशन घालतो. पुढे 79 भाग झाले. ऑपरेशन काही झालं नाही.

तर बाबा, मीही तेवढंच मागते. तेरा रविवार लावा. चौदाव्याला नको वाटलं, तर मी इंदूरला येऊन स्वतः ते डबीत बंद करीन.

साचा घेताना कानात गार लगदा भरतात, पाचेक मिनिटं. दुखत नाही. मला सुवर्णपदक घालावं तशी कानटोपी घालायचात ना, स्कूटरवर पुढे उभं करून, दोन्ही कानांवर हात दाबून "वारं गेलं का आत?" विचारत? तेवढंच दडपल्यासारखं होईल. मला तर त्या टोपीत तुमचा आवाजही ऐकू यायचा नाही, नुसती हनुवटीची हालचाल डोक्याला लागायची.

आता नीट वाचा. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज मोठा वाटेल, भांडी कानात आपटतील. म्हणून काढून ठेवायचं नाही. आधी घरात दोन तास, मग वाढवायचं. बॅटरी 13 नंबरची, केशरी स्टिकरवाली. स्टिकर काढला की हवेनं ती चालू होते, परत चिकटवून वाचत नाही, तेव्हा काटकसर करू नका. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला. आंघोळीला काढायचं. कानात लसणाचं तेल बंद, आई, हे तुला. रात्री डबी देवघरात नको, उंदीर आहे तिथे. आणि बाबांशी ओरडून बोलणंही आता बंद कर, तुझा घसा बघ काय झालाय.

गुरुवारी स्पॉक पोहे खाऊन येतो म्हणेल, तरी त्याला वाढा. पोह्यांवरचा जिरावण मसाला वेगळा द्या, त्याला जास्त लागतो.

रविवारी 10 वाजता फोन करीन. आई, तू उचलू नकोस.

तुमची,
मनी