डोंगरवाटेसाठी टायर घेताना नक्षीआधी बाजू पाहावी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत डोंगरवाटांवरील सायकलिंगविषयी अलीकडे आलेला लेख मी आस्थेने वाचला. फ्रेमचे माप, गिअर आणि ब्रेक यांविषयीचा त्यातील मजकूर अचूक आहे. टायरविषयी मात्र त्यात एकच वाक्य आहे : नक्षी जितकी खोल, तितका टायर खडतर वाटेसाठी चांगला. हे वाक्य वाचून नवखे सायकलस्वार दुकानात जातील, अंगठ्याने नक्षी दाबून पाहतील आणि पैसे मोजून मोकळे होतील, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे. गेली बारा वर्षे मी पुण्याच्या टेकड्यांवर आणि पुरंदर, भोर, मुळशी या तालुक्यांतील वाटांवर सायकल चालवतो. या काळात माझे जे टायर निकामी झाले, त्यांपैकी फारच थोडे नक्षी झिजल्यामुळे गेले. बाकीचे सगळे बाजूने फाटले.

याचे कारण आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण फुटतो तेव्हा त्याच्या कपच्यांना धारदार कडा येतात. पायवाटेवर अशा कपच्या अर्धवट रुतून उभ्या असतात. उतारावर चाक दोन दगडांच्या फटीतून निसटते तेव्हा दगडाची धार जमिनीला टेकणाऱ्या जाड रबराला लागत नाही, ती लागते टायरच्या बाजूला, म्हणजे दुकानात जिला साइडवॉल म्हणतात त्या भागाला. तिथे नक्षी नसते, रबराचा थर अगदी पातळ असतो आणि त्याखाली असते ते नुसते कापड. वेताळ टेकडीवरील जुन्या दगडखाणीच्या आसपास ज्यांनी सायकल चालवली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. टायरविषयीचे बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतून येते आणि त्यात जंगलातील मऊ माती, झाडांची मुळे आणि चिखल यांचा विचार प्रामुख्याने असतो. ते सल्ले चुकीचे नाहीत, पण आपल्या कातळावर ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मी स्वतः हा धडा पुरंदरच्या उतारावर शिकलो. नवा, हलका, खोल नक्षीचा टायर बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. नारायणपूरच्या बाजूला उतरताना एका दगडाने मागच्या टायरची बाजू अंगठ्याएवढी चिरली. टायर ट्यूबलेस होता; छिद्रे बुजवण्यासाठी त्याच्या आत घातलेला द्रव सीटखालच्या नळीवर आणि माझ्या पाठीवर उडाला आणि टायर क्षणात बसला. सोबतची ट्यूब आत घालून हवा भरली, तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येऊ लागली. दोन तास सायकल हाताने ढकलत रस्त्याला लागलो, तेव्हा तेथील एका पंक्चरवाल्याने स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा कापून, कडा घासून पातळ केल्या आणि तो चिरेच्या आतून बसवला. ट्रकच्या टायरला गेटर टाकतात तशीच ही युक्ती होती आणि तिच्या जोरावर मी घरी पोहोचलो. तेव्हापासून जुन्या टायरचा चार बोटे लांबीचा तुकडा माझ्या पिशवीत कायम असतो. ज्याने तो टायर मला विकला, त्याने तो कुठल्या वाटेवर चालवणार, हे विचारले नव्हते; आणि मीही त्याला बाजूच्या जाडीविषयी विचारले नव्हते, कारण असे काही विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते.

विचारायचे काय, ते आता थोडे सविस्तर लिहितो. टायर म्हणजे रबर चढवलेले कापडच असते. हे कापड नायलॉनच्या धाग्यांचे असते आणि एका इंचात किती धागे बसतात, तो आकडा टीपीआय म्हणून टायरवर किंवा वेष्टनावर दिलेला असतो. १२० टीपीआयचे कापड बारीक धाग्यांचे, हलके आणि लवचीक असते. ६० टीपीआयचे धागे जाड असतात आणि ते चिरायला अधिक वेळ लागतो. परंतु केवळ आकड्यावर विसंबू नये. काही कंपन्या सर्व थरांतील धाग्यांची बेरीज छापतात, त्यामुळे १८० या आकड्याचा अर्थ ६० धाग्यांचे तीन थर असाही असू शकतो. उलट स्वस्त सायकलींवर येणारे २७ किंवा ३० टीपीआयचे टायर जड असतात, म्हणून ते मजबूत आहेत असा समज होतो. त्यांच्या बाजूला बहुधा कसलेच वेगळे संरक्षण नसते.

खरा प्रश्न आहे तो बाजूला जादा थर आहे का, याचा. कंपन्या त्याला आपापली नावे देतात. मॅक्सिसच्या टायरवर एक्सो आणि त्याहून दणकट असेल तर डबलडाउन असे लिहिलेले असते. श्वाल्बेच्या टायरवर सुपर ट्रेल किंवा सुपर ग्रॅव्हिटी. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर अशा तीन-चार प्रकारच्या अंगांत मिळतो आणि लांबून पाहणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. वजनावरून मात्र फरक ओळखता येतो. २९ इंची चाकाचा शर्यतीचा हलका टायर ७०० ग्रॅमच्या आसपास भरतो, मधला साधारण एक किलो, आणि दुहेरी थराचा १,२०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जड. सह्याद्रीतील दगडाळ वाटांवर नेहमी जाणाऱ्याने निदान मागच्या चाकाला एक किलोच्या आतला टायर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चढावर तो जड वाटतो, हे खरे आहे आणि मला ते मान्य आहे.

दगडानंतर काटे. पावसाळा संपून गवत वाळू लागले की माळावर सराटे पसरतात. सराट्याचे फळ असे असते, की ते कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. हाच सराटा अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही पोहोचला आहे आणि तिथले सायकलस्वारही त्याच्यामुळे हैराण असतात. त्याच्या जोडीला आपल्याकडे बाभूळ, बोर आणि हिवर आहेत. बाभळीचा वाळलेला काटा कितीही जाड नक्षीतून आरपार जातो, कारण तो उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेत शिरतो. काट्यांवर जाड रबर हा उपाय नव्हे. त्यावर उपाय आहे तो ट्यूबलेस टायर आणि त्याच्या आतील सीलंट. लॅटेक्सचा हा द्रव छिद्रातून बाहेर येता येताच गोठतो आणि छिद्र बुजवतो. २९ इंची रुंद टायरला साधारण १०० मिलिलिटर लागतो. आपल्या उन्हाळ्यात तो फार लवकर सुकतो, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. म्हणून मी दर दोन महिन्यांनी टायर उघडून पाहतो. बाजूची मोठी चीर मात्र सीलंटने बुजत नाही.

ट्यूबलेसचा दुसरा फायदा हवेच्या दाबाशी जोडलेला आहे. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा कमी ठेवली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन छिद्रे शेजारी शेजारी पडतात. या भीतीने लोक पेट्रोल पंपावर ४० पीएसआयपर्यंत हवा भरतात. मग टायर दगडावर बसण्याऐवजी उडतो, पकड जाते आणि ताणलेली बाजू धारेला अधिक लवकर फाटते. माझे वजन ७० किलो आहे. मी २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवतो. ट्यूब असताना ३० च्या खाली जात नसे. प्रत्येकाने आपल्या वजनाप्रमाणे हे आकडे शोधावेत. त्यासाठी दाब मोजण्याचे साधे गेज घेतले तर तो खर्च कधीच वाया जात नाही.

रबराच्या मऊपणाविषयीही सांगायला हवे. मऊ रबर ओल्या कातळाला चिकटते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते आणि पावसाळ्यात घसरते. कोकणातील सड्यांवर किंवा पाचगणीच्या पठारावर जांभा दगड आहे. तो कपच्यांनी चिरत नाही, तो कानशीसारखा घासतो, आणि तिथे मऊ टायरचे उंचवटे काही महिन्यांत गोलसर होतात. म्हणून पुढे मऊ आणि मागे कठीण रबर ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण तोल पुढच्या चाकाच्या पकडीवर सांभाळला जातो आणि झीज मागच्या चाकाची होते. मागचा टायर झिजला की नवा टायर मागे घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे; दोन्ही चाकांना सारखेच टायर असतील, तर त्याऐवजी पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा.

मापाच्या बाबतीत इंचांवर विश्वास ठेवू नये. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या २८ इंची टायरच्या बैठकीचा, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला, व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि डोंगरी सायकलीच्या २९ इंची टायरचा ६२२. म्हणजे नावाने लहान असलेल्या चाकाची रिम प्रत्यक्षात मोठी! टायरच्या बाजूवर ५७-६२२ असे दोन आकडे कोरलेले असतात; पहिला रुंदीचा, दुसरा या व्यासाचा. २६ इंची चाकासाठी तो ५५९ आणि साडेसत्तावीस इंचीसाठी ५८४ असतो. दुकानात हाच आकडा सांगावा.

माझी विनंती दोघांना आहे. सायकलविक्रेत्यांनी डोंगरी सायकलीच्या माहितीपत्रकात गिअरची आणि ब्रेकची नावे जशी ठळकपणे छापली जातात, तशीच टायरची माहितीही द्यावी : कापडाचे थर किती, बाजूला संरक्षण आहे की नाही, ट्यूबलेस करता येतो की नाही आणि वजन किती. आज बहुतेक पत्रकांत टायरपुढे केवळ रुंदी लिहिलेली असते. पन्नास-साठ हजारांची सायकल घेणाऱ्या तरुणाला हे आधी कळले, तर तो गिअरच्या दर्जात एक पायरी खाली येईल आणि तेच पैसे टायरवर घालेल. दूरच्या खोऱ्यात, मोबाइलला रेंज नसताना, सूर्य मावळत असताना त्याचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

दुसरी विनंती आपल्याला. पावसाळा संपला की डोंगरवाटांवर सायकलींची गर्दी सुरू होते आणि त्याच सुमारास नव्या सायकलींची खरेदीही होते. त्याआधी आपल्या पुरवणीत केवळ टायरवर एक स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात एखाद्या पंक्चर काढणाऱ्या अनुभवी कारागिराशी बोलून फाटलेल्या टायरची छायाचित्रे छापावीत. चीर कुठे पडते, हे वाचकांना त्यातून एका नजरेत दिसेल.

कळावे,
आपला विश्वासू,
डोंगरवाटांवर सायकल चालवणारा एक वाचक,
पुणे