गोधडीचे नमुने छापताना कापायचे माप द्या

महोदय,

महिला पुरवण्यांतून हल्ली प्लेन कापडाच्या, दोन-तीन रंगांतल्या गोधड्यांचे नमुने येऊ लागले आहेत. चित्रे देखणी असतात, पण मजकूर 'चार इंचांचे चौकोन घ्या' एवढ्यावर आटोपतो. चार इंच कापायचे, की शिवून झाल्यावर चार इंच उरायचे? शिलाईत प्रत्येक कडेचे पाव इंच, म्हणजे दोन सूत जातात. चार इंचांचे घर, म्हणजे नमुन्यातला एक चौकोन, हवे तर साडेचार इंच कापावे लागते. हे छापले नाही तर वाचणारीचे कापड वाया जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी शिवणकाम येणाऱ्या बायका आहेत. त्यांचा हात ब्लाऊजवर बसलेला असतो. पुढे उसवून सैल करता यावे म्हणून ब्लाऊजला भरपूर माया, म्हणजे शिलाईबाहेरचे कापड, सोडतात. ब्लाऊजपुरती ही सवय चांगलीच आहे, ब्लॉकला, म्हणजे घरे जोडून केलेल्या गोधडीच्या मोठ्या चौकोनाला, मात्र ती नडते. तीन घरांच्या ओळीत दोन शिलाया, आणि प्रत्येक शिलाई दोन्ही तुकड्यांचे कापड खाते. शिलाई एक सूत जरी जास्त आत गेली तरी ओळ अर्ध्या इंचाने आखूड होते. मग शेजारच्या ब्लॉकशी जोडताना एकाला ताण, दुसऱ्याला चुण्या. छापील कापडात फुलापानांत हे खपून जाते, प्लेन कापडात ते झाकायला जागाच नसते.

आधी मशीनची परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि सगळे मिळून साडेतीन इंच भरले तर शिलाई ठीक. मधली कमी भरली तर शिलाई दोऱ्याभर बाहेर घ्या, कारण घडीतही थोडे कापड जाते. जुन्या काळ्या मशीनचा कापड दाबणारा फूट अरुंद असतो, त्याच्या कडेवर विसंबू नये. सुईपासून दोन सूत मोजून प्लेटवर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा आणि कापड त्याला टेकवून चालवा. टाके इंचाला बारा.

कापड मॅचिंग सेंटरमधले ब्लाऊजचे टू बाय टू चालते. रंग पाहिजे ते मिळतात आणि सुलटे-उलटे शोधावे लागत नाही. पण 'प्युअर कॉटन' म्हटले म्हणून घेऊ नये. एक धागा ओढून जाळावा. जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख आली तर सुती, कडक मणी झाला तर पॉलिस्टरची भेसळ. भेसळीच्या कापडावर इस्त्रीची घडी बसत नाही. कापड आधी भिजवावे. लाल आणि गडद निळ्यासोबत पांढरी चिंधी गरम पाण्यात टाकून पाहावी, ती रंगली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही समजूत मात्र सोडून द्यावी, विकत आणलेल्या रंगीत कापडावर त्याचा उपयोग होत नाही.

आता बारा इंचांचा, चार टोकांचा तारा घेऊ. घरे नऊ. गडद रंगाचा एक चौकोन साडेचार इंचांचा आणि दोन पाच इंचांचे. फिकट रंगाचे चार साडेचारांचे आणि दोन पाचांचे. साचा पुठ्ठ्याचा नको, खडू फिरवून त्याची कड झिजते आणि शेवटचे चौकोन पहिल्यांशी जुळत नाहीत. सनमायकाचा तुकडा बरा. पाच इंचांचा गडद आणि फिकट चौकोन एकावर एक ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन जोड्यांतून दुरंगी चार घरे निघतात. शिलाई गडद बाजूला दाबा. इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही; ती शिलाई उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या बाजूवर, असते आणि घासली की ताणते. घर एक सूत मोठे भरते, ते साडेचारांवर कातरताना शिलाई कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. ती सरकली तर ताऱ्याचे टोक बोथट होते.

मांडताना दुरंगी घराच्या गडद त्रिकोणाची अख्खी बाजू मधल्या चौकोनाला लागावी आणि चारही टोके एकाच दिशेला फिरावीत. वरच्या-खालच्या ओळीतल्या शिलाया बाहेरच्या चौकोनांकडे दाबाव्यात, मधल्या ओळीतल्या आतल्या चौकोनाकडे. म्हणजे ओळी जोडताना शिलाया एकमेकींत बसतात, चौकात गाठ येत नाही. मात्र असे केल्यावर गडद माया फिकट चौकोनाखाली जाते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ दिसते. तिथे गडद माया अर्धा सूत कातरून फिकटापेक्षा आत ठेवावी. ब्लॉक साडेबारा इंच भरला पाहिजे, शेजारच्या ब्लॉकशी जोडल्यावर तो बारा उरतो.

पाच बाय सात ब्लॉकांची साठ बाय चौऱ्याऐंशी इंची गोधडी करायची तर छत्तीस इंच पन्ह्याचे फिकट कापड साडेचार मीटर आणि गडद अडीच मीटर घ्यावे. पाठीला आणि मध्ये जुनी सुती लुगडी आहेतच.

'आमच्या वाकळीला कधी टेप लागली नाही' असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची कवदी, म्हणजे गोधडीही मापाशिवाय होते. त्या कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची कड दुमडून धावदोऱ्याने आत आत येतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. तुकडा मोठा-लहान झाला तर पुढचा तुकडा सांभाळून घेतो. ब्लॉकच्या कामात तशी सोय नाही, म्हणूनच मापाचा एवढा आग्रह.

पुरवणीच्या संपादकांना विनंती, की कापायचे आणि तयार अशी दोन्ही मापे द्यावीत आणि आकृतीखाली एक इंचाची रेघ छापावी. पानात बसवताना आकृती लहान-मोठी होते, आणि वाचणारी तिच्यावरूनच साचा कापते.

– शिवणवर्गाच्या शिक्षिका, खानापूर, जि. बेळगाव