खलनायिका म्हणून छाया कदम यांना घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत सुपरहिरोंच्या सिनेमांतल्या खलनायकांवर आलेला लेख वाचला. लेख बढिया होता, पण त्यातली झाडून सगळी नावं पुरुषांची. मी धानाची शेती करतो आणि मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत खलनायकाची कामं करतो. तेव्हा या विषयात दोन शब्द बोलायचा हक्क आहे, असं समजून लिहितो.

खलनायिका म्हटली की आमच्या झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याच्या) रंगभूमीवरही तिला बहुतेक वेळा एक लावणी, एक सिगारेट आणि शेवटच्या अंकात एक थोबाडीत मिळते. मोठ्या सिनेमात तरी काय वेगळं? 'क्रिश ३'मध्ये (२०१३) कंगना राणावतची काया चांगली धाक बसवत होती, तर लेखकानं तिला हीरोच्या प्रेमात पाडलं आणि मारून टाकलं. हॉलिवूडवाल्यांनी मात्र 'थॉर : रॅग्नारॉक'साठी (२०१७) दोन ऑस्कर मिळवलेल्या केट ब्लँचेटला घेतलं. तिची हेला थॉरचा हातोडा एका हातानं अडवते आणि त्याचा चुरा करते. गावातली पोट्टे तेवढाच तुकडा मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावतात. आपल्याकडे शबाना आझमींनीही पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर 'मकडी'त (२००२) चेटकीण केली होती. म्हणजे मोठ्या नटीला असलं काम कमीपणाचं वाटतं, हे काही खरं नाही. लिहिणारेच तिच्यासाठी लिहीत नाहीत.

माझ्या मनातलं नाव छाया कदम यांचं आहे. 'फँड्री'तली जब्याची आई आठवा. 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, त्यात बिल्डर जिला घरातून हुसकावतो ती पार्वती त्यांचीच. 'मडगाव एक्स्प्रेस'मध्ये त्या डॉन झाल्या, पण ते सगळं हसण्यावारी गेलं. आणि 'लापता लेडीज'मधली स्टेशनावरची मंजू माई! एकदा ठरवलं की मागे न फिरणारी बाई. ती नजर गरिबाच्या बाजूनं आहे म्हणून आपल्याला गोड वाटते. तीच नजर उलटी फिरली तर काय होईल, याचा विचार कोणी दिग्दर्शक करत नसेल, तर मी करून ठेवला आहे.

मल्याळम 'मिन्नल मुरली'त (२०२१) सुपरहिरो गावचा शिंपी आहे आणि खलनायक चहाच्या दुकानातला कामगार. दोघांवरही वीज पडते. आकाशातून कोणी राक्षस यावा लागत नाही. माझ्या सिनेमात छाया कदम राईस मिलच्या मालकीण. पाऊस त्यांच्या मुठीत. परे (धानाची रोपं) तयार आहेत, रोवणा (ती रोपं शेतात लावायचं काम) तोंडावर आला आहे, मामा तलावात (गावच्या जुन्या मालगुजारी तलावात) चिखलाशिवाय काही उरलेलं नाही, आणि गाव एकेक करून मिलवर येतं. बाई वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या आहेत. काळे ओठ नाहीत, मुकुट नाही, खदाखदा हसणं तर मुळीच नाही. समोरच्याला विचारतात, "किती बांध्या आहेत भाऊ तुमच्या?" तो आपल्या धानाच्या शेताचे तुकडे किती ते सांगतो. त्या वहीत लिहितात, त्याचा अंगठा घेतात आणि खिडकीतून हात बाहेर काढतात. तेवढ्याच बांध्यांवर पाऊस. धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे शेजाऱ्याची बांधी कोरडीठाक.

बाईंचं म्हणणंही खोटं नसावं. नवरा गेल्यावर यांचे परे वाळत होते, तेव्हा तलावाचं पाणी सोडायला हेच गाव तयार नव्हतं. आता त्या फक्त हिशेब मागतात. हीरोनं अंगातल्या ताकदीनं मिल पाडली, तरी या हिशेबाचं उत्तर त्याला देता येऊ नये.

खलनायक ओरडला की आमचा प्रेक्षक चहा प्यायला उठतो, हे मी स्टेजवरून पाहिलं आहे. तोच हळू बोलला की पहाटेच्या थंडीतही माणूस घोंगडीतून मान वर काढतो. हळू बोलून माणसाला जागेवर खिळवणं या बाईंना येतं, म्हणून माझा एवढा हट्ट.

अडचण आहे ती बोलीची. सिनेमात आमची बोली आली की ती बहुधा विनोदी नोकराच्या तोंडी येते. इथं ती मालकिणीच्या तोंडी हवी. त्यासाठी वडशाच्या (गडचिरोली जिल्ह्यातल्या) नाटक कंपन्यांतल्या एखाद्या जुन्या नटीला शिकवायला ठेवावं, पाट्यांवर तिचं नाव घालावं आणि जमलं तर सरपंचीणबाईचं कामही तिलाच द्यावं. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इथं नट आहेत हे आता मुंबईला सांगावं लागू नये.

हीरो कोणीही घ्या, माझी हरकत नाही. शूटिंग मात्र जुलैत, खऱ्या रोवण्यात करा. रोवणाऱ्या बायांना त्या दिवसांची मजुरी द्या. आणि सिनेमा दिवाळीच्या आधीच लावा. भाऊबीजेपासून आमची नाटकं सुरू होतात, मग रात्रभर आम्हाला फुरसत नसते.

आपला,
एक धान उत्पादक व हौशी नट
ता. नागभीड, जि. चंद्रपूर