पुरानंतरची वर्गणी जोत्यात घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर ओसरला की गावात कपडे, धान्य आणि टिनाच्या पत्र्यांचे ट्रक येतात. 2020 च्या ऑगस्टात वैनगंगेकाठी आणि 2023 च्या जुलैत बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडे मदतीला धावून जाणारे हात कमी नव्हते. पहिल्या आठवड्यात ते सामान लागतेच. पण वर्गणीचा ओघ पोळ्यापर्यंत आटतो आणि बांधकामाचे दिवस येतात कापूस वेचणी उरकल्यावर, फेब्रुवारी ते मे. ओल्या काळ्या मातीत चर खोदला तरी ढासळतो. म्हणून मंडळांना कळकळीची विनंती, निम्मी रक्कम तोवर बँकेत राहू द्या आणि ती आधी जोत्यात, म्हणजे जमिनीपासून वर उचललेल्या घराच्या पायथ्यात, घाला.

स्वयंसेवकांचे पहिले काम मात्र पंचनाम्याच्या वेळचे. मातीच्या भिंतीचे बूड भिजून मऊ झालेले असते, भिंत उभी दिसते म्हणून नोंद 'अंशतः' होते आणि चार उन्हे पडल्यावर ती बसते. 2022 च्या आपत्ती निधी निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4 हजार. त्यामुळे तलाठी येण्याआधी प्रत्येक भिंतीच्या बुडाचे, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. भिंतीवरची गाळाची रेघही ऑइल पेंटने पक्की करा, पुढच्या पावसात ती धुऊन जाते. नव्या घराचे जोते त्या रेघेच्या वर निदान दीड फूट हवे. जागाच निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकाम-मनाई पट्ट्याच्या हद्दीच्या, आत असेल तर तिथे देणगीचा एक रुपयाही घालू नये, आधी दुसऱ्या जागेसाठी ग्रामसभेचा ठराव घ्यावा.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. मे महिन्यात जागेवरच्या भेगेत बारीक सळई सोडून पाहा. ती जिथवर जाते त्याच्या खाली, शक्यतो मुरमावर, पाया टेकला पाहिजे. जोत्याच्या आत खोदलेली काळी मातीच परत लोटतात, हा सगळ्यात महाग पडणारा मोह. दोन पावसाळ्यांत फरशी फुगते आणि भिंती तडकतात. 12 बाय 22 फुटांच्या घराला अडीच फूट भरावासाठी, दबाई धरून, सुमारे 7 ते 8 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम लागतो. तो सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. श्रमदानासाठी याहून चांगले काम नाही.

जोत्यावर सहा इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा घ्यावा, 10 मिमीच्या चार सळया आणि सहा इंचांवर रिंगा. कोपऱ्यात सळई तोडून नुसती टेकवलेली असते आणि पट्टा तिथेच उघडतो; ती वळवून पुढच्या बाजूला दोन फूट न्यायला मिस्त्रीला सांगा. वीटकाम हौशी हातांनी करू नये. त्याऐवजी पाणी मारण्याची जबाबदारी घ्या. आपल्याकडे पंचेचाळीसच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ बादली ओतून भागत नाही, ओले पोते टाकून चौदा दिवस काँक्रीट भिजत ठेवावे लागते. मे महिन्यात विहिरी कोरड्या पडतात, तरी देणगीच्या अंदाजपत्रकात टँकरचा खर्च क्वचितच धरलेला असतो.

सिमेंट दान देणाऱ्यांनी काम सुरू होण्याच्या आठवड्यातच द्यावे. समाजमंदिराच्या जमिनीवर टेकवून ठेवलेल्या थैल्या महिन्या-दोन महिन्यांत खड्यासारख्या होतात. फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहाच्या वर थप्पी न लावता ठेवाव्या आणि तीन महिन्यांत संपवाव्या. पत्रे दिलेत तर जे-हूक आणि वायसरही द्या. हूक पत्र्याच्या उंच नळीवर बसवायचा, खोलगटीत मारला तर गळते. टिनावर दगड ठेवून वादळ अडत नाही, उलट ते दगड खाली झोपलेल्यांवर येतात.

पैशाबद्दल एकच. नोंदणीकृत संस्था नसलेल्या मंडळांनी वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क ची परवानगी घ्यावी. रक्कम घरमालकाला एकरकमी न देता जोते, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची तुळई) आणि छत अशा तीन टप्प्यांत द्यावी. सरकारी हप्ता हाती येईपर्यंत मिस्त्री थांबत नाही, दुसऱ्या गावी निघून जातो. ती मधली फट या निधीने भरून काढता येते.

आपले,
ग्रामीण घरबांधणीत काम करणारे स्वयंसेवक,
यवतमाळ जिल्हा